अगत्य येण्याचे करावे

मागच्या अंगणातल्या मेपलनं पानं टाकायला सुरुवात केली की बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीत शनिवार-रविवारी ब्लोअरशिवाय दुसरा आवाज ऐकू येत नाही. गल्लीतला प्रत्येक जण आपली पानं फुंकत फुंकत शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत नेतो आणि मग शेजारी ती परत फुंकतो. आमच्याकडे अजून रेक आहे, म्हणजे आपलं दाताळं. सुहास, माझा नवरा, दर वर्षी म्हणतो की ब्लोअर घेऊ. दर वर्षी मी नको म्हणते, आणि पाठ माझीच दुखते.

परवा दाताळं घेऊन उभी होते तेव्हा खिशातला फोन वाजला. मुलीचा मेसेज होता. रेवा आता न्यूयॉर्कला असते, स्वतःची नोकरी, स्वतःचं घर. तिनं लिहिलं होतं, "हाय आई! वुड इट बी ओके इफ आय केम होम धिस वीकेंड? नो वरीज इफ नॉट!"

मी वाचला आणि पुन्हा वाचला. पोरगी स्वतःच्या घरी यायची परवानगी मागत होती. आणि वर, नाही मिळाली तरी काळजी करू नका म्हणत होती. त्यात चुकीचं काही नव्हतं, चांगल्या घरातली चांगली वळणाची मुलं इथे असंच बोलतात, आणि ते वळण लागावं म्हणून मीच धडपडले होते. तरी मला उत्तर लिहिता येईना. पानांच्या ह्याच दिवसांत, ह्याच अंगणात, २००४ साली माझे वडील असं बोलायला शिकले होते.

अण्णांचा सांगलीत छापखाना होता. छोटासा, एका ट्रेडल मशीनचा. हँडबिलं, पावत्या असं सगळंच छापायचे, पण लग्नपत्रिका ही त्यांची खासियत. छपाईचे खिळे जुळवताना ओठांतल्या ओठांत मजकूर म्हणायचे, "तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे ही विनंती." उभ्या आयुष्यात त्यांनी किती हजार लोकांना अगत्य यायची विनंती केली असेल कोण जाणे. पण ती सगळी दुसऱ्यांच्या वतीनं, आणि शिशाच्या अक्षरात. स्वतः अण्णा फक्त क्रियापदं बोलायचे. ऊठ. बस. वाढ. जा. मशीनच्या खडखडाटात लांब वाक्य ऐकू जात नाही, त्यामुळे छापखान्यात लागलेली सवय घरातही होती. "नीले, चहा टाक," एवढं मागच्या दारानं ओरडून ते पुन्हा खिळ्यांकडे वळायचे. मला नीला म्हणून हाक मारलेली त्यांच्या तोंडून मी फार तर शाळेत नाव घालताना ऐकली असेल.

आमच्या घरात 'कृपया' हा शब्द फक्त बोर्डावर असायचा, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'. आणि 'मेहेरबानी करून' हे आईचं शेवटचं शस्त्र होतं. "मेहेरबानी करून आता गप्प बसा," असं ती म्हणाली की अण्णासुद्धा उठून छापखान्यात जायचे. विनंतीचे शब्द घरात आले की काहीतरी बिनसलंय, एवढं आम्हा सगळ्यांना कळायचं.

पुण्याला कॉलेजात असताना घरमालकिणीच्या फोनवर अण्णांचा फोन यायचा. त्यांचं बोलणं ठरलेलं. "शनिवारी ये. येताना काळी शाई आण." मी बापडी अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीतून शाईचा डबा घ्यायची, एस्टीत मांडीवर धरायची, आणि ओढणीला डाग पाडून घ्यायची. सांगलीतच, छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर तीच शाई मिळते हे मला फार उशिरा कळलं. आईला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "अगं, शाई आण म्हटलं की तू येणार हे पक्कं होतं ना."

आई गेली त्यानंतरच्या सप्टेंबरात अण्णा आमच्याकडे आले. छापखाना त्यांनी आधीच बंद केला होता, पत्रिका आता संगणकावर होत होत्या. सहा महिन्यांचा व्हिसा, एक बॅग, आणि दोन्ही हात मोकळे. इतके मोकळे की खुर्चीत बसल्यावर त्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नसे.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून विचारलं आणि अण्णा खणखणीत म्हणाले, "गिव्ह मी कॉफी. हॉट. शुगर टू." दुकानातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मुलीचं हसू तसंच राहिलं पण जरा आखडलं. मी घाईनं, "सॉरी, कुड ही प्लीज हॅव अ स्मॉल कॉफी," वगैरे म्हटलं.  अण्णांनी कॉफी प्यायली, कप चेपून टाकला आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "मी शिवी दिली का?"

"नाही हो अण्णा. इथं जरा प्लीज म्हणायची पद्धत आहे इतकंच."

घरी तर रेवाच होती. तेव्हा सात वर्षांची, दुसरीतली, आणि शाळेत शिकवलेल्या रीतींनी भरलेली. अण्णांनी "पाणी आण" म्हटलं की कमरेवर हात ठेवून विचारायची, "आजोबा, व्हॉट्स द मॅजिक वर्ड?" आम्हाला सगळ्यांना हसू यायचं. अण्णाही हसायचे. "प्लीज, बाईसाहेब," म्हणायचे, आणि ती पाणी आणायची.

आमच्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी परदेशी लोकांसाठी इंग्लिश संभाषणाचा वर्ग असे. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, नाव कॅरल. अण्णांनी पहिल्या दिवसापासून त्यांना कॅरलबाई केलं. वर्गात एक चिनी आजोबा, एक ब्राझीलची तरुणी, दोन तेलुगू आज्या, आणि अण्णा. त्या हंगामात कॅरलबाईंनी विनंती हाच विषय घेतला होता. फळ्यावर त्यांनी जिना काढला. खालच्या पायरीवर 'गिव्ह मी', मग 'कॅन यू', मग 'कुड यू प्लीज', मग 'वुड यू माइंड', आणि सगळ्यांत वर 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली'. मी अण्णांना न्यायला गेले होते तेव्हा तो जिना अजून फळ्यावर होता. अण्णा तो नजरेनं मापत होते.

"नीले, मजकूर बघ," ते म्हणाले. "तेच मागायचं, पण जितका मजकूर जास्त तितका मान जास्त. हे तर आपलं पत्रिकेतलं झालं. अगत्य येण्याचे करावे."

गाडीत बसेपर्यंत ते स्वतःशीच 'आय वॉज वंडरिंग' म्हणत होते, खिळे जुळवताना म्हणायचे तसं.

अण्णांना काम मिळालं होतं. ते मन लावून शिकले. पोस्टात जाऊन एका तिकिटासाठी एवढं लांब वाक्य म्हणाले की खिडकीतल्या माणसानं त्यांना दोन वेगवेगळ्या चित्रांची तिकिटं दाखवून हवं ते निवडायला सांगितलं. मग पानं पडायला लागली आणि आमचं दाताळं मोडलं. अण्णा स्वेटर घालून, केस विंचरून शेजारच्या बॉबकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. अण्णांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. बॉबनं गॅरेज उघडलं, दाताळं दिलं, आणि मागोमाग स्वतःच दुसरं घेऊन आला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून आमचं अंगण साफ केलं. बॉब अण्णांना 'सर' म्हणत होता. रात्री जेवताना अण्णांनी ती हकीकत दोनदा सांगितली. "वाक्य पुरं व्हायच्या आधीच द्यायला निघाला होता, पण मी म्हटलं थांब, पुरं म्हणू दे." आई गेल्यानंतर त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

म्हणून त्यानंतर जे झालं त्याचा दोष कुणाला द्यावा हे मला आजही कळत नाही.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन पर्स ठेवत होते. अण्णा सोफ्यावर होते. म्हणाले, "नीला, तुला वेळ असेल तर थोडा चहा मिळेल का?"

मी हसले. मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती, ते खरोखर वाट बघत होते, मी हो म्हणते की नाही त्याची. मी चहा केला. कप हातात घेऊन ते म्हणाले, "थँक यू." 

मग ते रोजचं झालं. जमलं तर टीव्ही लावतेस का. त्रास नसेल तर देवळात सोडशील का. मला मेलं नीला म्हटलेलंही सहन होईना. मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, नुसतं चहा टाक म्हणा ना! माझ्याशी कसलं आलंय वेळ असेल तर?"

"तू दमून येतेस गं," ते म्हणाले. "इथं कामाला बाई नाही, गडी नाही. सगळं तुम्हीच करता. आणि ज्यांच्याकडं राहायचं त्यांच्याशी नीट बोलावं."

"ज्यांच्याकडं म्हणजे? मी कोण?"

अण्णांनी रेवाकडे बघून डोळे मिचकावले. "मॅजिक वर्ड," म्हणाले. रेवा खुश झाली. विषय तिथेच संपला.

मी तेव्हा ऑफिसात गोड बोलण्यात चांगलीच तरबेज झाले होते. सुरुवातीला एका मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझ्या ई-मेल जरा डायरेक्ट असतात. तेव्हापासून मी प्रत्येक मागणीला पुढेमागे उशा लावायला शिकले. तुमची हरकत नसेल तर. अजिबात घाई नाही. नाही म्हणायला बिलकूल संकोच करू नका. हे इतकं अंगात भिनलं की कुठे थांबायचं ते कळेना. अण्णा तरी दोन महिन्यांत शिकले होते, मी तर त्याचाच पगार घेत होते.

मी नुकतीच सिटिझन झाले होते. अण्णांचं ग्रीनकार्ड करता येणार होतं. सुहास मनापासून तयार होता. म्हणाला, "सांगलीत एकटे काय करतील? त्यांना विचारू नकोस, सांग." तो बरोबर होता, पण मला ते बरं वाटेना. बापाच्या आयुष्याचा निर्णय, तो त्यांचा त्यांना घेऊ दिला पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते इथे हवे होते, इतके हवे होते की मागायची भीती वाटत होती.

नोव्हेंबर संपत आला होता. रविवारची सकाळ, शेवटची पानं. तपकिरी कागदी पिशवीचं तोंड अण्णांनी दोन्ही हातांनी उघडून धरलं होतं आणि मी पानं भरत होते. ओल्या पानांचा वास, कुणाच्या तरी धुराड्यातून येणारा लाकडाचा वास. मी म्हटलं, "अण्णा, मी काय विचार करत होते, तुम्हाला आवडणार असेल तर, इथेच राहायचं बघाल का? म्हणजे काही जबरदस्ती नाही. तुम्हाला जसं बरं वाटेल तसं."

हे मराठी होतं, पण वाक्य ऑफिसातलं होतं.

अण्णा पिशवीत बघत होते. "नको गं," म्हणाले. "कशाला उगीच. तुमचं तुमचं चाललंय."

"ठीक आहे अण्णा. तुमची इच्छा."

अण्णा पिशवी तशीच उघडी धरून उभे राहिले. मला वाटलं, पानांसाठी थांबलेत. मी पानं भरली.

आमच्याकडे पंगतीत पहिलं 'नको' कुणी धरत नाही. वाढणारा थांबत नाही आणि खाणाऱ्यालाही तो थांबावा असं वाटत नसतं. पानावर आडवा हात धरलेल्या माणसाच्या बोटांमधून जिलबी सारणारे लोक आम्ही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आणि अण्णांनी तर 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजून' हे शब्द आयुष्यभर जुळवले होते. तरी त्या सकाळी त्यांच्या पहिल्या 'नको'ला मी शेवटचं उत्तर मानलं, त्याचा मान राखला, आणि आपण किती समजूतदार वागलो असं मला वाटलं.

फेब्रुवारीत बर्फ असताना ते परत गेले. बॉस्टनच्या विमानतळावर अण्णांसाठी मागवलेली व्हीलचेअर ढकलायला आलेला मुलगा घाईत होता. अण्णांनी त्याच्याकडे मान वळवली आणि कॅरलबाईंनी शिकवलेलं सगळ्यांत वरच्या पायरीचं वाक्य म्हटलं, "सर, आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली वेट वन मिनिट." मुलगा थांबला. अण्णांनी तेवढ्या वेळात आमच्याकडे बघून घेतलं, रेवाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्याला म्हणाले, "थँक यू. गो."

सांगलीहून त्यांचे फोन यायचे नाहीत, मीच करायची. तिकडेही ते नीलाच म्हणत राहिले. "वेळ असेल तेव्हा करत जा फोन. बिझी असलीस तर राहू दे." मला वाटायचं, घरी गेल्यावर जुने अण्णा परत येतील, खरवडून काढल्यासारखी ती इंग्लिश मऊ भाषा जाईल. गेली नाही. मी दर वेळी फोन ठेवताना वाट बघायची की आता म्हणतील, नीले, ये. एकदाच म्हणाले असते तर मी मिळेल त्या विमानानं गेले असते. ते म्हणायचे, "जमलं तर चक्कर टाक."

जमलं तर म्हटल्यावर जमत नाही. रेवाची शाळा असते, प्रोजेक्टची तारीख असते, तिकिटं महाग असतात. २००८ च्या पावसाळ्याअखेर अण्णा झोपेत गेले.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. आईची धाकटी बहीण, माझी शालूमावशी, वाढत होती. अण्णा परत आल्यापासून तिच्याच शेजारी राहत होते, दोन वेळचं तिच्याकडेच जेवत. ती माझ्या पानाशी आली आणि म्हणाली, "घे गं लाडू."

"नको मावशी."

"नको काय नको," म्हणत तिनं लाडू वाढलाच. मग पुढे सरकली नाही. ताट हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "तुला सांगू का? भावजी आल्याबरोबर मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, पोरीनं ठेवून नाही का घेतलं? तर म्हणाले, विचारलं की. अगदी नीट विचारलं."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? म्हणाले, एकदाच विचारलं." आणि मावशी पुढच्या पानाकडे गेली.

मी तो लाडू संपवला. पान टाकून उठायचं नसतं म्हणून संपवला. 

मला ते दोघंही दिसतात, पिशवी धरलेले अण्णा आणि पानं भरणारी मी. दोघंही किती चांगलं बोललो. कुणी कुणाला दुखावलं नाही, कुणी कुणावर काही लादलं नाही. त्यांना फक्त दुसऱ्यांदा विचारून घ्यायचं होतं आणि मला फक्त दुसऱ्यांदा विचारायचं होतं. मध्ये एवढीशी जागा होती. त्या जागेत आम्ही एकमेकांचा मान ठेवला. मला तो मान नको होता. मला माझा ओरडणारा बाप हवा होता, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चहा टाक म्हणणारा, आणि तो इथेच राहायला हवा होता. हे मी त्यांना असंच्या असं सांगायला हवं होतं, दाताळं फेकून, पिशवी हिसकावून.

परवा मी दाताळं मेपलला टेकवून ठेवलं आणि पायरीवर बसले. रेवाला उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं, "ऑफ कोर्स स्वीटी, वुई वुड लव्ह दॅट, बट ओन्ली इफ यू आर नॉट टू बिझी." वाचलं आणि पुसलं. मग लिहिलं, "ये."

पाठवलं. मिनिटभरात फोन वाजला.

"आई? आर यू मॅड अ‍ॅट मी?"

"नाही गं. का?"

"तू फक्त 'ये' लिहिलंस. विथ अ पिरियड. शेवटी नुसतं टिंब."

"मग काय लिहायचं? ये."

"नाही, आय मीन, तुमचे प्लॅन्स असतील तर इट्स टोटली फाइन. आय कॅन कम सम अदर टाइम. आय डोंट वॉन्ट टू बी अ बॉदर."

मी अंगणाकडे बघितलं. अर्धी पानं खाली होती, अर्धी अजून झाडावर. "रेवे," मी म्हटलं. तिला रेवे म्हणून मी कधीच हाक मारली नव्हती. "ये म्हटलं ना. शुक्रवारीच ये."

 मला वाटलं फोन कट झाला.

"आर यू शुअर?"

"ये. आणि येताना कढीपत्ता आण."

"कढीपत्ता? आई, डोंट दे हॅव इट देअर? ते इंडियन स्टोअर तर घराजवळच आहे."

"आहे," मी म्हटलं. "तू आण."